शिट्ट्या मोजू नका: कुकर लावताना होणाऱ्या चुका

माझं माहेर जत तालुक्यातलं, सासर साताऱ्यात. माहेरी तुरीच्या डाळीला सात शिट्ट्या. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी इथंही सवयीनं सातच दिल्या. डाळीचं पिठलं झालं आणि वरच्या डब्यातल्या इंद्रायणीची खळ. आत्यांनी (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात) डबा तिरका करून बघितला आणि विचारलं, "पतंग चिकटवायचेत व्हय गं?" त्यांच्या घरात डाळीला तीन शिट्ट्या. पुढं दोन वर्षं आमचं तीन की सात हे चालूच होतं. दोघींचंही चुकत होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आत वाफ जास्त झाली की ती झाकणावरचं शिट्टीचं वजन उचलते आणि बाहेर पडते, एवढंच त्या आवाजाचं म्हणणं. घरगुती कुकरचं वजन साधारण असं असतं की आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट झाला की ते उचललं जातं. त्या दाबाला पाणी १२० अंशाच्या आसपास उकळतं. डाळ त्या उष्णतेत किती वेळ राहिली यावर ती शिजते, किती वेळा आवाज आला यावर नाही. गॅस मोठा ठेवला तर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, मध्यम ठेवला तर त्याच चार शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतात. तीन लिटरचा कुकर वेगळा, साडेसातचा वेगळा. मग "चार शिट्ट्या दे" या सांगण्याला काय अर्थ राहिला?

मी आता असं करते. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्यायची, लगेच गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची. गॅस इतपतच बारीक, की वजनाखालून अधूनमधून सूं सूं ऐकू यावं. वजन पार गप्प पडलं तर आतला दाब उतरलाय समजा, आच किंचित वाढवा. भिजवलेली तूरडाळ थेट कुकरमध्ये असेल तर ७-८ मिनिटं. डब्यांतला वरण-भात १० मिनिटं. बटाटे १०. रात्रभर भिजलेले हरभरे किंवा छोले २०. मटण २० ते २५, बोकड किती जून आहे ते बघून. गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंत जी दहा मिनिटं जातात त्यातही पदार्थ शिजतच असतो. ती दहा मिनिटं या हिशेबात धरलेली आहेत, तेव्हा घाईनं वाफ काढलीत तर हिशेब चुकणार.

अख्ख्या मसुराला मात्र जपायचं. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवर मिळतो तसा दाणा न् दाणा वेगळा हवा असेल तर मसूर तासभर भिजवायचा आणि पहिल्या शिट्टीनंतर चार-पाच मिनिटांत गॅस बंद करायचा. घरी केलेल्या अख्ख्या मसुराची आमटी होते ती इथंच. मसाल्याचा त्यात काही दोष नसतो.

आता जतच्या सात शिट्ट्यांचं. आई काही उगाच गॅस जाळत नव्हती. आमच्याकडं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरणारं. अशा जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, आणि डाळ कितीही उकळली तरी कण राहतो. साताऱ्यात आमच्या भागाला कासचं पाणी, म्हणजे डोंगरावर साठलेलं पावसाचंच. त्यात तीच डाळ लोण्यासारखी होते. माण, खटाव, आटपाडी, जत, जिथं बोअरवर घर चालतं तिथं कुकर बदलण्याआधी पाणी बदलून बघा. पाणी उकळून, गाळ बसवून, वरचं वापरलं तरी फरक पडतो. डाळ किंवा कडधान्य भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर साल मऊ पडते. मिठानं कडधान्य शिजत नाही असं म्हणतात, ते खरं नाही.

आंबटाचं मात्र खरं आहे. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले की डाळ आणि कडधान्य अडून बसतं. गूळही तसाच. कुकर उघडल्यावर, फोडणीनंतर घाला. सोडा मला पटत नाही. चिमटीभर सोड्यानं लवकर शिजतं हे कबूल, पण चव साबणाकडं झुकते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन जातं. आणि दोन वर्षं डब्यात पडलेली डाळ असेल तर यातल्या कशाचाच उपयोग नाही. ती जुनी झाली की शिजत नाही, तिचं पीठच करावं.

घेवड्याबद्दल जरा सविस्तर सांगते. कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो आमच्या घरात महिन्यातून दोनदा तरी होतो. राजमा काय आणि घेवडा काय, जात एकच, आणि कच्चा राहिला तर दोन्ही पोटाला बाधतात. त्यात एक विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. कोमट पाण्यात नुसतं सावकाश शिजवून ते जात नाही, त्याला खळखळ उकळी लागते. म्हणून आठ तास भिजवायचा, भिजवणीचं पाणी फेकून द्यायचं, नवीन पाणी घालायचं आणि पहिल्या शिट्टीनंतर १५ ते २० मिनिटं ठेवायचा. दाणा बोटात धरून दाबला की आतपर्यंत मऊ लागला पाहिजे. मधे टणक गाठ लागली तर पुन्हा लावा, "फोडणीत शिजेल" म्हणून सोडून देऊ नका.

माझी नणंद महाबळेश्वरला असते. तिचं म्हणणं, "वहिनी, माझा कुकर बिघडलाय, साताऱ्याच्या वेळेत काहीच शिजत नाही." कुकर ठणठणीत होता. उघड्या पातेल्यात साताऱ्यात पाणी साधारण ९८ अंशाला उकळतं, तिच्याकडं ९५-९६ लाच. तिकडं हवेचा दाबच कमी. वजन तेवढंच असलं तरी कुकरच्या आतही मग एक-दोन अंशांची तूट राहते. तिला मी दहा मिनिटांच्या जागी बारा सांगितली, आणि तिच्या नवऱ्याचे नव्या कुकरचे पैसे वाचवले. त्याबद्दल अजून स्ट्रॉबेरी आलेली नाही, ते सोडा.

आता माझी स्वतःची चूक. पाहुणे दारात, मसूर कुकरमध्ये, गॅस बंद करून मिनिटही झालं नव्हतं. मी चमच्याच्या दांड्यानं वजन वर उचललं. आधी वाफ आली, मग पिवळी चिळकांडी, सरळ छतापर्यंत. पाठोपाठ ओट्यावर, फोटोफ्रेमवर, माझ्या मनगटावर. मनगटाचा डाग गेला, छताचा रंग देऊनही पुसट दिसतो. झालं काय, तर आतलं पाणी शंभर अंशाच्या बरंच वर असतं, फक्त दाबामुळं दबून बसलेलं. वजन उचललं की दाब कोसळतो आणि भांड्यातलं सगळं पाणी एकाच वेळी उसळून उकळतं. डाळ, तांदूळ, कडधान्य, सगळं फेसाळणारं, ते त्या उकळीबरोबर वर येतं. तेव्हा कितीही घाई असली तरी वाफ आपली आपण जिरू द्या. नुसते बटाटे किंवा कणसं असतील आणि अगदीच अडलं असेल, तर कडेनं गार पाणी सोडून दाब उतरवता येतो. वजनावर आणि व्हॉल्व्हवर पाणी ओतायचं नाही. झाकण जोर लावून तर कधीच उघडायचं नाही. अडतंय याचा अर्थ आत अजून वाफ आहे.

याच्या उलटही होतं. कुकर रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी झाकण निघतच नाही. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं, पोकळी तयार झाली, बाहेरची हवा झाकण दाबून बसली. वजन उचला, हवा आत जाईल. तरी हललं नाही तर मिनिटभर बारीक गॅसवर ठेवा. हातोडीचं काम नाही.

रोजची एक सवय मात्र सोडायची नाही. झाकण लावण्याआधी वजनाखालची नळी उजेडाकडं धरून बघायची. आरपार उजेड दिसला पाहिजे. आमच्याकडं एकदा नळीत मोहरीचा दाणा अडकला होता, दिसायला एवढासा, पण शिट्टी होईना आणि कुकर नुसता घुमत होता. अशा वेळी आधी गॅस बंद करा, जवळ जाऊन झाकणाशी खेळू नका. गार झाल्यावर खराट्याच्या काडीनं किंवा जाड सुईनं नळी साफ होते. फेस वर येऊ नये म्हणून कुकर कधीही दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, डाळ-कडधान्य असेल तर निम्म्यापर्यंतच. डाळीत चमचाभर तेल घातलं तर फेस बसतो.

आत पाणी किती घालावं? डबे ठेवून लावत असाल तर पाच लिटरच्या कुकरला खाली दोन ग्लास. प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी उडून जातं, त्यामुळं शिट्ट्या मोजणाऱ्यांचेच कुकर जास्त कोरडे पडतात. जळका वास आला, शिट्टी बंद पडली, तर खाली पाणी संपलंय. लगेच गॅस बंद करा, आणि तापलेल्या कोरड्या कुकरवर गार पाणी ओतू नका, बूड वाकडं होतं. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तोही जड पाण्यामुळं. खालच्या पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा लिंबाची साल टाकली की पडत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की लोकांना व्हॉल्व्हचाच राग येतो. त्याचं कामच ते आहे. त्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू असतो. पाणी संपून कुकर तापला किंवा नळी बुजून दाब वाढला की तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. वजन घालून वाफ अडवायची आणि जास्त झाली की सोडायची, ही युक्ती १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं हाडं शिजवायच्या भांड्यासाठी काढली, कारण त्याआधी भांडीच फुटत होती. वजनानंही भागलं नाही तर शेवटची वाट हा व्हॉल्व्ह. आणि आपण काय करतो? एका ओळखीच्या घरी त्या भोकात स्क्रू आवळून वर एम-सील लावलेलं मी बघितलंय. "चार महिने झाले, काही होत नाही," असं वर ऐकवलं. मी त्या स्वयंपाकघरात उभी राहिले नाही. व्हॉल्व्ह बदलताना त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या, आणि उडाला का ते आधी शोधा, नाहीतर नवाही उडेल.

रबराचं सोपं आहे. कडेनं वाफ सुटते, दांड्याजवळ पाणी ओघळतं, पहिली शिट्टी यायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतो, म्हणजे रबर सैल झालंय. दहा मिनिटं गार पाण्यात टाकून बघा, एक-दोन वेळा चालेल. रोज घासून, पुसून, झाकणातून काढून ठेवा, कुकर बंद करून कपाटात ठेवला की रबर चपटं होतं. कडेला भेगा दिसल्या की नवीन. रोज कुकर लागत असेल तर वर्षभरात बदलावंच लागतं. आत्या पूर्वी सैल रबराच्या कडेला कणकेची वळी लावायच्या. वाफ थांबायची, पण बऱ्याच कुकरच्या झाकणाला कडेला एक खाच असते, गरज पडली तर रबर तिथून बाहेर ढकललं जाऊन वाफ सुटावी म्हणून. ती कणकेनं बुजवणं म्हणजे दाराला आतून खिळे ठोकणं. त्यांना खाच दाखवली तेव्हा थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मेलं हे कुणी सांगितलंच न्हाई आजवर."

बूड फुगलेला, टेकवला की डुगडुगणारा कुकर, किंवा पडून झाकणाची कड वाकलेला, याला दुरुस्ती नाही. बूड ठोकून सपाट करून देणारे भेटतात, त्यांच्याकडं जाऊ नका. नवीन घेताना आयएसआय खूण आणि खाली आयएस २३४७ हा आकडा बघा, २०२१ पासून तो सक्तीचाच आहे. बाजारात स्वस्तातले बिनखुणेचे अजून दिसतात.

आमचा तो मसूरवाला कुकर गेल्या दिवाळीत मोडीत दिला. बूड फुगलं होतं. मोडवाला झाकण वेगळं ठेवायला लागला, "बाई, हे चांगलंय, कुणाला तरी लागंल," म्हणाला. मी ते त्याच्याच हातोडीनं दोन जागी चेपवलं आणि मग त्याच्या काट्यावर ठेवलं.