‘१ रुपयात ट्रायल’नंतर दर महिन्याला कापले जाणारे पैसे कसे थांबवावेत

मालिका दाखवणारं, इंग्रजी शिकवणारं किंवा कुंडली सांगणारं, ॲप कुठलंही असो, ‘फक्त १ रुपयात आठवडाभर वापरा’ असं म्हणतं आणि आपण यूपीआय पिन टाकतो. आपल्या हिशेबी एक रुपया गेला. प्रत्यक्षात त्याच पिनने खात्यातून ठरावीक दिवशी आपोआप पैसे उचलायची परवानगी दिलेली असते. तिलाच ऑटोपे किंवा मॅन्डेट म्हणतात.

ॲप आवडलं नाही की बहुतेक जण ते फोनमधून काढून टाकतात आणि निश्चिंत होतात. पैसे मात्र जातच राहतात, कारण परवानगी त्या ॲपसोबत पुसली जात नाही. तिची नोंद यूपीआयमध्ये आणि बँकेत असते. त्यामुळे ती तिथूनच रद्द करावी लागते.

१. आधी यूपीआय ॲप उघडा. फोनपे, गूगल पे, पेटीएम, भीम यांपैकी जे वापरत असाल त्यात प्रोफाइलच्या फोटोवर टिचकी मारा आणि ‘ऑटोपे’, ‘मॅन्डेट’ किंवा ‘ऑटोमॅटिक पेमेंट्स’ असं काही दिसतंय का ते शोधा. अपडेट आलं की या पर्यायाची जागा बदलते, म्हणून नेमकी पायवाट पाठ करण्यापेक्षा हे शब्द लक्षात ठेवा. फोनमध्ये दोन-तीन यूपीआय ॲप्स असतील तर सगळी तपासा. परवानगी कुठल्या ॲपमधून दिली होती, हे सहसा आठवत नाही.

२. प्रत्येक नोंद उघडून वाचा. इथे घाई करू नका. कंपनीचं नाव, किती दिवसांनी पैसे जाणार, शेवटची तारीख आणि कमाल रक्कम, या चारही गोष्टी पाहा. कमाल रकमेकडे तर विशेष लक्ष द्या. महिन्याचे दोनशे रुपये सांगणाऱ्या सेवेच्या मॅन्डेटमध्ये त्याहून कितीतरी मोठी मर्यादा लिहिलेली असू शकते, आणि शेवटची तारीख कित्येक वर्षं पुढची. सध्याच्या नियमांनुसार साधारण १५,००० रुपयांपर्यंतचा असा हप्ता पुन्हा पिन न विचारता जाऊ शकतो. त्यामुळे ही मर्यादा वाचणं म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे.

या यादीत म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता, कर्जाचा ईएमआयही असू शकतो. त्यांना हात लावू नका. मॅन्डेट रद्द केल्याने कर्ज फिटत नाही, फक्त हप्ता चुकतो.

३. नको ते रद्द करा. ‘कॅन्सल’ किंवा ‘रिव्होक’ निवडा, पिन मागितला तर टाका. ‘पॉज’ हा पर्यायही दिसेल, पण तो तात्पुरता असतो. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

४. सदस्यत्वही बंद करा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी मारून ‘सबस्क्रिप्शन्स’. आयफोनवरची ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

५. कार्ड दिलं असेल तर बँकेत पाहा. नेटबँकिंगमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या विभागात ई-मॅन्डेटची यादी असते. कार्डावरची परवानगी कधीही ऑनलाइन मागे घेण्याची सोय बँकेने दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, हाही नियमच. हे मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवतात. ‘मॅन्डेट’ हा शब्द टाकून मेसेजमध्ये शोधा, जुन्या परवानग्यांचा माग तिथेच लागतो.

आई-वडिलांचा फोन हाती आला की त्यांच्यासोबत बसून हेच करा. मागच्या तीन-चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट चाळा आणि त्यांना न ओळखता येणाऱ्या प्रत्येक नावावर थांबा. पेन्शनच्या खात्यातून दरमहा दोनशे रुपये गुपचूप जाणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारू नका. स्क्रीनची रचनाच अशी असते की एक रुपया ठळक दिसावा आणि पुढची रक्कम बारीक करड्या अक्षरांत.

६. फसवणूक वाटली तर तक्रार करा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. रद्द करण्याचं बटण लपवणं, फुकट सेवेसाठीही ऑटो-डेबिटची परवानगी घ्यायला लावणं, हे त्यात नावानिशी आलं आहे. आधी कंपनीला लेखी कळवून परतावा मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. मॅन्डेट रद्द करूनही पैसे गेले, तर तक्रार बँकेकडे करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिसऱ्या पायरीतला स्क्रीनशॉट तिथे जोडा.