प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय? या चुका टाळा

‘प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या प्रॉडक्टचा सीईओ’ हे वाक्य नवख्यांच्या इतकं डोक्यात बसलेलं असतं की पहिले सहा महिने ते खाली उतरवण्यातच जातात. सीईओ माणसं नेमतो, बजेट मंजूर करतो. प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं हे ठरवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली मात्र बहुतेक ठिकाणी एकही माणूस नसतो. इंजिनिअर त्यांच्या मॅनेजरला बांधील, डिझायनर डिझाइनच्या प्रमुखाला, सेल्सवाल्यांचं तर वेगळंच राज्य. पण प्रॉडक्ट आपटलं की पहिला जाब यालाच. अधिकार बेताचा आणि जबाबदारी पुरेपूर, असं हे काम आहे. खालच्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळेच होतात.

हे सॉफ्टवेअरच्या जमान्यातलं खूळ नाही. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातींवर काम करणाऱ्या नील मॅकलरॉय यांनी वरिष्ठांना एक मेमो लिहिला. प्रत्येक ब्रँडची पूर्ण काळजी वाहणारा माणूस हवा, असं त्यात होतं. त्या माणसाने करायचं काय? कुठल्या भागात माल कमी जातो ते आकड्यांत पाहायचं, स्वतः तिथे जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं, नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं आणि मग उपाय आखायचा. हुकूम सोडणं त्यात नव्हतं. आजही प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचा गाभा तोच आहे.

हुद्द्याच्या नावावर भाळणं

प्रोजेक्ट मॅनेजर ठरलेलं काम वेळेत आणि खर्चात पार पाडतो. प्रॉडक्ट ओनर ही स्क्रममधली (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीतली) भूमिका; बॅकलॉगची, म्हणजे करायच्या कामांच्या क्रमवार यादीची, जबाबदारी त्याची. काय बनवायचं आणि का, हा प्रश्न प्रॉडक्ट मॅनेजरचा. कागदावर हे सोपं दिसतं, पण कंपन्या ही नावं सर्रास अदलाबदल करून वापरतात. मायक्रोसॉफ्टमध्ये तर बरीच वर्षं या कामाला प्रोग्रॅम मॅनेजर म्हणत. तेव्हा मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: ‘गेल्या तिमाहीत काय बनवायचं, हे कुणी ठरवलं?’ उत्तर ‘क्लायंटने’ किंवा ‘सेल्स हेडने’ असं आलं, तर हुद्दा काहीही असो, तुम्हाला तिथे पाठपुरावा करायचा आहे. ते काम वाईट नाही, फक्त ते वेगळं आहे.

मागितलं ते बनवून देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करताना आपण फार ग्राहकाभिमुख आहोत असंही वाटतं.

समजा तुमचं प्रॉडक्ट बिलिंगचं आहे. ग्राहक म्हणतो, ‘एक्सेलमध्ये डाउनलोड करायचं बटण द्या.’ सेल्सवाले त्याचीच री ओढतात. तुम्ही टिकेट (इंजिनिअरसाठी कामाची नोंद) लिहिता, दोन आठवड्यांत बटण तयार. महिनाभराने पाहावं तर मोजकेच लोक ते वापरतात आणि तक्रारी तशाच. आता मागे जा. बटणाची मागणी आली तेव्हा एवढंच विचारायचं होतं: ‘फाइल उतरवल्यावर तिचं काय करता? मला करून दाखवता का?’ मग दिसलं असतं की तो माणूस निम्मे कॉलम उडवतो, तारखेने क्रम लावतो, कुणाची बाकी थकली आहे ते पिवळ्या रंगाने रंगवतो आणि दर सोमवारी साहेबांना मेल करतो. त्याला एक्सेल नकोच होतं. थकबाकीची यादी सोमवारी सकाळी साहेबांच्या मेलमध्ये आपोआप पडायला हवी होती.

एक सावधगिरी: ‘हे फीचर दिलं तर वापराल का?’ असं कधीच विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. मागच्या वेळी हेच काम त्यांनी कसं केलं, ते विचारा.

‘इंजिनिअर माझं ऐकत नाहीत’

ही तक्रार आली की आधी तुम्ही इंजिनिअरना दिलेल्या डॉक्युमेंटचं पहिलं पान उघडा. तिथे अडचण लिहिली आहे की थेट स्क्रीनचं चित्र? सगळं ठरवून झाल्यावर त्यांच्यापुढे ठेवलं, तर ते फक्त ‘किती दिवस लागतील’ एवढंच सांगणार. अडचण कच्ची असतानाच त्यांना बसवलं तर अर्ध्या कष्टात होणारा मार्ग बहुधा तेच सुचवतात. दुसरं कारण म्हणजे स्प्रिंटच्या (काम आधीच ठरवून घेतलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्याच्या) मधेच प्राधान्यक्रम फिरवणं. दोन-तीनदा असं झालं की तुमच्या ‘अर्जंट’ला कुणी भीक घालत नाही. कोडिंग यायलाच हवं असं नाही. पण एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) म्हणजे काय आणि डेटाबेसमधला एक छोटासा दिसणारा बदल महाग का पडतो, हे न कळणारा माणूस या चर्चेत टिकत नाही.

करिअरची चुकीची शिडी

केवळ सर्टिफिकेट घेऊन थेट अर्ज करत सुटणं हा मला सगळ्यात खडतर रस्ता वाटतो. गुगलने 2002 मध्ये नव्या पदवीधरांसाठी असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरचा कार्यक्रम सुरू केला आणि इतरांनीही तो कित्ता गिरवला, पण अशा जागा थोड्या. आहे त्याच कंपनीत सपोर्ट, क्यूए (सॉफ्टवेअरची चाचणी) किंवा बिझनेस अ‍ॅनालिसिसमधून सरकणं त्यापेक्षा सोपं जातं. ग्राहक कुठे अडखळतो, हे तुम्हाला आधीच पाठ असतं.

पुढे सीनियरनंतर वाट फुटते. एक माणसं सांभाळण्याची: ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, डायरेक्टर, व्हीपी, चीफ प्रॉडक्ट ऑफिसर. दुसरी प्रिन्सिपल प्रॉडक्ट मॅनेजरची: अवघड प्रॉडक्ट, पण टीमची हजेरी-रजा-अप्रेझल नाही. ही दुसरी वाट सगळीकडे नसते, त्यामुळे आधी चौकशी करा. नुसत्या हुद्द्यासाठी पहिली धरली आणि माणसांत रमत नसाल, तर टीम आणि तुम्ही दोघंही हैराण.

बढती अडली असेल तर आपला सेल्फ-रिव्ह्यू परत वाचा. त्यात नुसती लाँच केलेल्या फीचर्सची यादी असेल तर अडण्याचं कारण तेच. सीनियर पदासाठी वरचे लोक पाहतात ते हे: कोणती अडचण सोडवायची हे तुम्ही स्वतः हेरलं का, आणि त्याने कुठला आकडा हलला. ‘नवं ऑनबोर्डिंग (नव्या ग्राहकाला प्रॉडक्टची ओळख करून देणारे टप्पे) लाँच केलं’ याऐवजी ‘साइन-अप भरपूर होते, पण पहिलं बिल बनवण्याआधीच लोक गळत होते, ती गळती अमुक इतकी कमी झाली’ असं लिहा. आणि अर्धवट बंद केलेली कामंही लिहा, का बंद केली त्यासकट.