पोलीस भरतीचा क्लास लावताय? फी भरायच्या आधी हे करा

बारावी झाली की आमच्याकडची निम्मी पोरं भरतीच्या मागे लागतात आणि पहिला प्रश्न एकच, अकॅडमी कुठली लावू? थांबा जरा. आधी घरी टेप काढा. शिपाई पदाला मुलांना उंची १६५ सेंमी लागते, मुलींना १५५, मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंमी जास्त. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. यात बसत नसाल तर फी पाण्यात जाते.

बसत असाल तर आधी फुकटचं बघा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षण काढतात, जाहिरात दिसली की त्याच दिवशी फॉर्म भरा. कॉलेज चालू असेल तर एनसीसी पण लावा, सी सर्टिफिकेट असलं की एसएससी जीडीत, म्हणजे केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत, ५ टक्के बोनस मार्क मिळतात.

पैसे भरूनच क्लास लावणार असाल तर होर्डिंगवरचे फोटो बघू नका, सकाळी साडेपाचला जाऊन ग्राउंड बघा. माझ्या भावाच्या अकॅडमीत सर सांगायचे चार राउंड म्हणजे सोळाशे, एका रविवारी आम्ही टेप लावला तर राउंड ३६० मीटरचाच निघाला, म्हणजे पोरगं रोज १६० मीटर कमी पळत होतं आणि टायमिंग बघून खूश होतं! फार वाईट वाटलं.

कारण सगळं ग्राउंडवरच ठरतं. मैदानी ५० मार्कांची: मुलांना १६०० मीटर २० मार्क, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८००. यात निम्मे मार्क पडलेच पाहिजेत, आणि त्यातूनही एका जागेला दहा जणच लेखीला बोलावतात. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदात मारलं तर पूर्ण २०. एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस दल) तर ५ किलोमीटर पळावं लागतं, ती तयारी वेगळी.

गोळ्याकडे बहुतेक पोरं दुर्लक्ष करतात आणि तिथेच मार्क सोडतात. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तो तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा, मानेला टेकवायचा आणि जोर पायातून, कमरेतून काढायचा, नुसता हात मारला की खांदा धरतो. पोरांना ८.५० मीटरला पूर्ण १५ आहेत, हे शिकवणारा माणूस ग्राउंडवर आहे का ते आधी विचारा.

लेखी १०० मार्क, ९० मिनिटं: गणित, बुद्धिमत्ता, जीके, मराठी व्याकरण. ४० टक्क्यांच्या खाली गेलात की बाहेर. नोट्स जुन्या असतील तर घेऊ नका, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीये आणि अजून जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहिता) कलमं पाठ करून घेणारे क्लास आहेत.

आणि हो, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आली की सेतूत रांग लागते.