कोल्हापुरातील हिरवी जागा राखण्यासाठी कोणते कागद कधी मागावेत

आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेत ओढ्याच्या काठाने करंजाची जुनी झाडे होती. एके सकाळी त्यांच्याभोवती पत्रे उभे राहिले आणि आम्ही सगळे गोळा झालो, तेव्हा एका बुंध्यावर वृक्षतोडीची नोटीस दिसली; पावसाने भिजून ती निम्मी सुटली होती आणि हरकतीची मुदत केव्हाच संपली होती. त्याच वाटेने आमची रोजची ये-जा होती. ती खंत अजून जात नाही, म्हणून ज्यांच्या भागात अशी एखादी जागा शिल्लक आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम जागेचा क्रमांक शोधावा. जुन्या पेठांत सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) चालतो आणि त्याची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून मिळते. उपनगरांत बहुधा रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) घेऊन सात-बारा पाहावा लागतो. जागा कोणाच्या अखत्यारीत आहे हेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण शहर हद्दीबाहेर कितीतरी पसरले असून आसपासची ४२ गावे २०१७ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे आहेत. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला, तर तो योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत आठवडे जातात.

मग त्या क्रमांकाचा भाग नकाशा (विकास आराखड्याचा त्या जागेपुरता उतारा) आणि झोन दाखला (आराखड्यात जागा कोणत्या वापरासाठी आहे याचा दाखला) मागावा. जागा मंजूर लेआउटमधील (प्लॉट पाडण्याच्या मंजूर नकाशातील) खुली जागा असेल, तर त्या नकाशाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. सध्याच्या बांधकाम नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावीच लागते.

खासगी जमिनीवर उद्यानाचे किंवा क्रीडांगणाचे आरक्षण असेल, तर मात्र अधिक जागरूक राहावे लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. या २४ महिन्यांत बाहेर काहीच दिसत नाही. मुले खेळत असतात आणि तिकडे दिवस भरत असतात. म्हणून दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एवढेच विचारावे की, अमुक आरक्षणाबाबत कलम १२७ ची नोटीस आली आहे काय, कोणत्या तारखेस आली आणि त्यावर कोणती कार्यवाही झाली. अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. नोटीस आलेली असल्यास अंदाजपत्रकात संपादनासाठी तरतूद करावी किंवा मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घ्यावी, अशी लेखी मागणी रहिवाशांच्या सह्यांनिशी लगेच करावी.

झाडांची नोंद आधीच करून ठेवावी. छातीच्या उंचीवर दोरीने बुंध्याचा घेर मोजावा, जात लिहावी, तारखेसह फोटो काढावा. शहरी भागातील वृक्ष संरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचा वृक्ष वारसा वृक्ष गणला जातो. त्यामुळे झाडाच्या वयाविषयी जुन्या रहिवाशांचे लेखी म्हणणे हरकतीला जोडावे.

जागेतून ओढा जात असेल, तर तो नकाशावर दाखवला आहे का, हे आवर्जून पाहावे. वरुणतीर्थाचे गांधी मैदान आणि कपिलतीर्थाची मंडई झालेल्या या शहराने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत, तेव्हा पाणी कुठून येते व कुठे साचते याचे पावसाळ्यातील फोटो हरकतीला जोडले, तर तिचे वजन वाढते.

प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. सगळे कागद एकाच घरात ठेवू नयेत, झेरॉक्स आणखी दोन घरी द्यावी. आमची फाइल ज्यांच्याकडे होती ते बदली होऊन गेले आणि ती पुन्हा सापडली नाही.