विधेयकावर आपलं म्हणणं वेळेत कसं पोचवायचं (नागपूरकरांसाठी)

डिसेंबरात अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर बॅरिकेड, यशवंत स्टेडियममध्ये मंडप, आणि आपण सगळे ट्रॅफिकला शिव्या देत दुसऱ्या रस्त्यानं ऑफिसला. पण त्याच आठवड्यात आत विधानभवनात जे कायदे होऊन राहिले ते आपल्या दवाखान्याचे असतात, आपल्या मतदानाचे असतात, आणि त्यावर आपण एक कागदसुद्धा देत नाही. मला हे मनापासून वाटतं की द्यायला पाहिजे, म्हणून लिहून राहिले.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. सार्वजनिक आरोग्य आणि महापालिका-ग्रामपंचायत हे दोन्ही विषय राज्याच्या यादीत आहेत, म्हणजे कायदा इथं होतो, दिल्लीत नाही. प्रभागाचंच बघा, २०१७ ला नागपुरात चार-चार नगरसेवकांचे प्रभाग होते, मग तीनचा कायदा झाला, मग २०२२ मध्ये सरकार बदललं आणि परत चारचा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. तुम्ही बटण किती वेळा दाबायचं हे या विधेयकांनी ठरतं, आणि त्यावेळी तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

तर सुरुवात विधेयक वाचण्यापासून. विधानमंडळाच्या वेबसाइटवर विधेयकं मराठीत असतात, "सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक" असं नाव असतं, तो क्रमांक आधी वहीत लिहून घ्या कारण पुढे प्रत्येक कागदावर तोच लागतो. भाषा जड असते, घाबरू नका, सगळ्यात आधी शेवटची पानं उघडा. तिथं "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं, सरकारला हे कशासाठी पाहिजे ते त्यात बऱ्यापैकी साध्या भाषेत सापडतं. मग तुमच्याशी संबंधित एकच खंड (म्हणजे विधेयकातलं कलम) शोधा. एकच. सगळ्या विधेयकावर मत द्यायला गेलात की तीन पानं होतात आणि कोणी वाचत नाही.

आणि "विहित करण्यात येईल अशा रीतीने" हे शब्द जिथं दिसतील तिथं पेन्सिलनं खूण करा, याचा अर्थ खरी गोष्ट कायद्यात नाही, नंतरच्या नियमांत येणार आहे. हे मला आमच्या घरच्या प्रसंगातून समजलं. सासऱ्यांना शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात भरती केलं होतं, दरपत्रक मागितलं तर "डिस्चार्जला कळेल" म्हणाले. दरपत्रक होतं, पण बिलिंग काउंटरच्या आतल्या भिंतीवर, ए-फोर कागदावर, काचेच्या बाहेरून आकडा दिसणार नाही असं. घरी येऊन शोधलं तर शुश्रूषागृह (म्हणजे नर्सिंग होम) नोंदणीचा कायदा १९४९ चा, पण दर आणि रुग्ण हक्कांची सनद लावायची सक्ती २०२१ च्या नियमांत आलेली. म्हणजे भांडायची जागा नियमाचा मसुदा! तो राजपत्रात (सरकारच्या गॅझेटमध्ये) छापून हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा मुदत दिलेली असते, ती तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

पत्र कसं लिहायचं? एक पान, मराठीत. वर विधेयकाचं नाव आणि क्रमांक, खाली खंड क्रमांक, मग तुमच्यावर काय बेतलं ते चार ओळीत, मग नेमका बदल. "रुग्णांना त्रास होतो, लक्ष द्यावे" असं लिहिलं तर त्याचं कोणी काय करणार? माझ्यासारखीनं लिहायचं झालं तर असं: "'दर्शनी भागात' या शब्दांऐवजी 'नोंदणी काउंटरच्या बाहेर, मराठीत, उभ्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात' असे शब्द घालावेत." सही, पूर्ण पत्ता, प्रभाग. शेजारच्यांच्या सह्या घेता आल्या तर चांगलंच, पण एकच मजकूर शंभर जणांनी पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापला अनुभव लिहिलेला मला जास्त दमदार वाटतो.

आता द्यायचं कोणाला. शहरात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य आणि दक्षिण-पश्चिम, आपला कोणता ते व्होटर कार्डवरून बघा. पदवीधर मतदार म्हणून नोंद असेल तर विधान परिषदेत तुमचा आणखी एक आमदार आहे, हे लोक विसरूनच जातात. आमदाराला विधेयकावर दुरुस्ती सुचवता येते, पण चर्चेला यायच्या आधी, आणि अधिवेशनात विधेयक मांडून दोन-तीन दिवसात पास होताना आपण पाहिलंय, म्हणून आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात अधिवेशनाच्या आधीच्या पंधरवड्यात जा. दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. "ठेवून जा ताई, साहेबांना देतो" म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

विधेयक संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांच्या आमदारांची समिती) गेलं तर मात्र सोनं समजा, कारण समिती लोकांकडून थेट सूचना मागवू शकते. बेकायदा ठरवलेल्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेलं जनसुरक्षा विधेयक २०२४ च्या डिसेंबरात इथल्याच अधिवेशनातून समितीकडे गेलं, बारा हजारांच्या वर सूचना आल्या, आणि २०२५ च्या जुलैत पास झालं तेव्हा मजकुरात बदल होते. विरोध करणाऱ्यांचं समाधान झालं नाही हेही खरं, पण कागद गेले आणि शब्द हलले.

मतदानाच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभेची भारत निवडणूक आयोग, दोन वेगळी ऑफिसं. यादीत नाव नवीन टाकायचं तर फॉर्म सहा, विधानसभेच्या यादीसाठी, महापालिकेची यादी तिच्यावरूनच बनते. पण नाव भलत्याच प्रभागात गेलं असेल तर प्रभागनिहाय प्रारूप (म्हणजे कच्ची) यादी लागते तेव्हाच हरकत द्यायची, मुदत थोडे दिवसच असते. मतदानाच्या दिवशी बूथवर वाद घालून नाव येत नाही.

पोच घेतलेली प्रत फाइलला लावा. विधेयक पास झालं तरी फाइल बंद करू नका, नियमांचा मसुदा यायचा असतो, तेव्हा तेच पत्र नवीन तारीख टाकून, नियम क्रमांक लिहून परत द्यायचं.