पॅसिफिक बेटांवर लोकांची तंबाखू सोडवायचीय? मग या चुका टाळा

2013 साली पॅसिफिक बेटांच्या आरोग्यमंत्र्यांनी मिळून एक टार्गेट ठेवलं, 2025 पर्यंत मोठ्या माणसांमधलं तंबाखूचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आणायचं. 2025 येऊन गेलं. किरिबाटीत निम्म्याहून जास्त पुरुष तंबाखू ओढतात, नाउरूत मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्मी, आणि बाकीचे बहुतेक देश 5 च्या आसपासही नाहीत. कायदे नाहीत म्हणून असं झालं म्हणावं तर तसंही नाही, फिजीने जागतिक तंबाखू करारावर 2003 मध्येच शिक्का मारला होता. टॅक्स वाढले, पाकिटांवर इशारे आले, बोर्ड लागले. मागे राहिलं ते सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणजे ज्याला सोडायचीय त्याला सरकारी दवाखान्यातून मदत करणं आणि नंतर महिनोनमहिने त्याचा पिच्छा पुरवणं. तिथली गडबड औषधात कमी आणि या पिच्छा पुरवण्यात जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या चुका त्याच नजरेने वाचा, खासकरून आपल्याकडून तिकडे डॉक्टर, नर्स किंवा प्रोजेक्टवाले म्हणून जाणाऱ्यांनी.

"सिगरेट ओढता का?" एवढंच विचारणं

ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. समोरचा अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो आणि तुमच्या रजिस्टरमध्ये एक नॉन-स्मोकर वाढतो. पापुआ न्यू गिनीत खेड्यातला माणूस पाकिटातली सिगरेट ओढतच नसेल, तो घरच्या बागेतला ब्रुस ओढतो, म्हणजे वाळवलेलं तंबाखूचं पान, तेही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. फिजीत सुकी मिळते, पीळ घातलेली देशी तंबाखू. किरिबाटीत वातीसारखी तंबाखू कापून पँडानसच्या पानात वळतात (आपला केवडा त्याच कुळातला). यातल्या कशावर पाकीटच नाही तर इशारा कुठे छापणार, आणि घरच्या पानावर टॅक्स तरी कसा लावणार.

आणि पलाऊ, याप, ग्वामकडे गेलात तर गोष्ट अजून वेगळी. तिथे सुपारी खातात, हिरवी ओली सुपारी, चुना, नागवेलीचं पान, आणि त्यात सिगरेटचा तुकडा मोडून टाकतात, कधी अर्धी, कधी त्याहून जास्त. धूर नाही म्हणून तो स्मोकर नाही, आणि "ती तर सुपारी आहे" म्हणून तंबाखू खाणाराही नाही! महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजवायची गरज नाही, आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या किती बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतात ते आठवा. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिथे दोन्हीकडून येतो, कारण तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते. म्हणून "तंबाखू सोडा, नुसती सुपारी खा" हा सल्ला कधीच देऊ नका. ग्वाम आणि सायपानमध्ये सुपारी सोडवण्यासाठी बेनिट नावाची वेगळी ट्रायल घ्यावी लागली ती उगाच नाही, सिगरेटसाठी केलेला कोर्स तिथे जसाच्या तसा चालत नाही.

मग विचारायचं कसं? ओढता का, चघळता का, सुपारीत काय टाकता, सुट्या सिगरेट घेता की पाकीट, आणि सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लागते. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे असं धरा आणि औषधाचा डोस त्याप्रमाणे ठरवा.

पुढची बोट कधी येते ते न बघता पॅच सुरू करणं

टोकेलाऊला विमानतळ नाही, सामोआच्या आपिया बंदरातून बोट जाते. किरिबाटीची बेटं तर एवढ्या मोठ्या समुद्रात पसरलीत की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सामान पोचवणं म्हणजेच एक प्रोजेक्ट. आता अशा ठिकाणी मोठ्या देशातून दोन खोके पॅच (कातडीवर लावायची निकोटिनची चिकटपट्टी) आले, उद्घाटन झालं, फोटो झाले, नर्सने उत्साहाने येईल त्याला पॅच लावले आणि तिसऱ्या आठवड्यात खोकं रिकामं. कोर्स असतो साधारण 8 ते 12 आठवड्यांचा. अर्धवट कोर्स झालेला माणूस परत ओढायला लागतो आणि गावभर सांगतो की तो चिकटपट्टीचा प्रकार काही कामाचा नाही, पुढचे दहा जण मग येतच नाहीत.

माझ्या मते पन्नास जणांना तीन-तीन आठवडे पुरवण्यापेक्षा बारा जणांचा पूर्ण कोर्स नाव लिहून बाजूला काढून ठेवा, बाकीच्यांना नुसतं समुपदेशन द्या आणि खरं कारण सांगा. निकोटिनचे पॅच आणि गम 2009 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, 2021 मध्ये बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडवायच्या गोळ्याही आल्या. म्हणजे देशाच्या स्वतःच्या औषध यादीत घालून नेहमीच्या ऑर्डरमध्ये मागवायला आधार आहे. डोनेशनवर चालवलेली सर्व्हिस डोनेशनबरोबरच संपते.

"हे घ्या गम" म्हणून हातात देणं

लोक ती च्युइंगम समजून कचाकचा चावतात, मग जळजळ, उचकी, मळमळ, आणि दुसऱ्या दिवशी गम खिडकीबाहेर. समोर बसवून दाखवावं लागतं. हळू चावायची, तिखट झिणझिण लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, झिणझिण गेली की परत दोनचार वेळा चावायची, असं अर्धा तास. निकोटिन गालातून आत जातं, गिळलं की फुकट जातं आणि वर पोट बिघडतं. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक काही नको, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. दवाखान्याबाहेरच्या दुकानात कोल्ड्रिंक घेऊन पेशंट गम चघळतोय हे दृश्य दिसलं की समजायचं आपलं सांगणं कमी पडलं.

पॅचचं वेगळं. दमट हवा, घाम, दिवसभर मासेमारी, पॅच सुटतोच. कोरड्या, कमी केसांच्या जागी, दंडावर किंवा पाठीवर, तळहाताने दहा सेकंद दाबून लावा, त्या जागी खोबरेल तेल लावलेलं नको (तिकडे अंगाला तेल लावायची पद्धत आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही). रोज जागा बदला. खाजतंय म्हणून लगेच कोर्स बंद करू नका, आधी जागा बदलून बघा. रात्री विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढून ठेवायला सांगा.

कावाच्या बैठकीचा विचारच न करणं

कावा म्हणजे एका झुडपाच्या मुळापासून केलेलं, अंग सैल करणारं पेय. फिजीत त्याला यांगोना किंवा सरळ ग्रॉग म्हणतात, टोंगा, वानुआटूतही कावाच. संध्याकाळी तानोआभोवती, म्हणजे कावाच्या मोठ्या लाकडी भांड्याभोवती माणसं बसतात, नारळाच्या करवंटीतून वाटी फिरते, गप्पा तासन्तास चालतात आणि मधे मधे सिगरेट पेटतात. दिवसभर एकही न ओढणारा माणूस तिथे सहा ओढतो. फिजीत भारतीय वंशाच्या घरांतही ग्रॉगची बैठक असते, म्हणजे हे काही फक्त मूळ फिजीयन गावांचं नाही.

आणि आपण सल्ला काय देतो? "ट्रिगर टाळा." अहो, बैठक टाळणं म्हणजे गावाला टाळणं, मयताला, लग्नाला, चीफच्या घरी न जाणं! कुणीही हा सल्ला पाळत नाही आणि पाळू पण नये. त्यापेक्षा बैठकीला जायच्या आधीच गम तोंडात, पाकीट घरी, ओढणाऱ्यांपासून लांबची जागा, आणि सोबत एक जण ज्याला माहिती आहे की याने सोडलीय. सगळ्यात चांगलं म्हणजे बैठकीतच धूर बंद, वाटी चालू, पण ते एकट्या पेशंटच्या हातात नाही, म्हणून पुढचा मुद्दा.

एकेकट्याला धरून सोडवायला जाणं

फिजीतलं नाबिला गाव बघा. 1986 मध्ये तिथले साधारण तिसरा हिस्सा लोक ओढायचे, 1990 पर्यंत जवळजवळ कुणीच नाही. यात औषध नव्हतं. गावाने मिळून ठरवलं, यांगोनाच्या विधीत शपथ घेतली, तंबाखूवर ताबू (परंपरेने पवित्र मानलेली बंदी) घातला, म्हणजे आता ओढणं हा वैयक्तिक दोष राहिला नाही, सगळ्यांसमोर घेतलेला शब्द मोडणं झालं. प्रत्येक गावात हे असंच होईल असं अजिबात नाही, आणि बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने "चला, तुम्ही पण ताबू घाला" म्हटलं तर हसं होईल. पण गावात शिरताना सेवुसेवू न देता, म्हणजे चीफपुढे कावाचं मूळ न ठेवता, तुरांगा नि कोरोशी, म्हणजे गावच्या कारभाऱ्याशी, न बोलता सरळ प्रोजेक्टर लावणाऱ्या टीम असतात, त्यांना पाहुणचार मिळतो आणि बाकी काही मिळत नाही. चर्चचंही तेच, रविवारी पाद्री दोन मिनिटं बोलला तर आपल्या दहा पोस्टरांचं काम होतं.

मात्र सगळ्यांसमोर शपथ घेण्याची एक उलटी बाजूही आहे. घसरलेला माणूस लाजेने लपून ओढतो आणि दवाखान्यात यायचंच बंद करतो. म्हणून नर्सशी होणारं बोलणं खाजगी राहिलंच पाहिजे. पाचशे वस्तीच्या गावात नर्स ही कुणाची तरी वहिनी असते, तिथे हे किती अवघड आहे ते तुम्हीच बघा.

तंबाखूसाठी वेगळं क्लिनिक उघडणं

थोडक्यात, नको. माणसं कमी, आणि मंगळवारी दुपारी दोन ते चार "टोबॅको क्लिनिक" ला कुणी येत नाही. पॅसिफिकमध्ये डायबेटिस आणि बीपीचे पेशंट ठरलेल्या दिवशी येतातच, तिथेच वजन, बीपी, साखर आणि पुढचा प्रश्न तंबाखू. तीन मिनिटं पुरतात. स्पष्ट सांगा, सोडायची तयारी आहे का विचारा, तारीख ठरवा, पुढची भेट लिहा. त्यासाठी कार्डावर एक रकाना लागतो, इमारत नाही लागत. आणि हो, स्टाफमधले जे स्वतः ओढतात त्यांची आधी सोडवा, दवाखान्याच्या मागे धूर काढून आलेल्याचा सल्ला कोण ऐकणार.

फोनवर सगळं होईल असं धरून चालणं

क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत, चांगली गोष्ट आहे, टोंगामध्ये चालते. पण "या नंबरवर फोन करा" आणि "आम्ही गुरुवारी तुम्हाला फोन करू" यात फरक आहे. लांबच्या बेटावरच्या माणसाकडे बॅलन्स नसतो, रेंज नसते, आणि अनोळखी माणसाशी आपल्या भाषेत नाही तर इंग्रजीत बोलायचं जिवावर येतं. फोन आपण करायचा, पहिल्या आठवड्यात दोनदा, कारण तलफ सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांत असते, मग महिनाभर आठवड्याला एकदा. फोन लागत नसेल तर नर्सच्या पुढच्या फेरीत.

घसरला की नाव खोडणं

महिन्याभराने माणूस येतो आणि म्हणतो परत चालू झाली. त्याला ओरडू नका, फक्त कुठे, कोणासोबत, गम खिशात होती का एवढं विचारा. उत्तर बहुतेक वेळा "गम संपली होती" किंवा "बैठकीत" असतं आणि दोन्हीवर उपाय आहे. वजन वाढलं म्हणून परत सुरू केली म्हणणारेही भेटतील, डायबेटिसवाल्यांना याची खरी भीती वाटते. चार-पाच किलो वाढू शकतं हे आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

रिपोर्टमध्ये "किती जणांना सल्ला दिला" हा आकडा सगळ्यांना आवडतो कारण तो कायम वाढतो. तो ठेवा, पण शेजारी दुसरा रकाना करा, सहा महिन्यांनी किती जण न ओढता राहिले. जमलं तर फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं मशीन वापरा, मात्र सुपारीत तंबाखू खाणाऱ्यावर त्याचा उपयोग नाही हे लक्षात ठेवा. आणि जो सहा महिन्यांनी सापडलाच नाही, दुसऱ्या बेटावर गेला, फोन उचलत नाही, त्याला "सोडली असेल" मध्ये नाही, "अजून ओढतोय" मध्ये धरा.