पाळीव ससा अचानक दगावला तर पहिल्या दिवशी काय करावे

सशाचा मृत्यू पुष्कळदा इतका अकस्मात होतो की तो आजारी होता हेच घरातल्या माणसांना आधी कळलेले नसते. ससा हा इतरांची शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या अंगात भिनलेले असते, आणि घरात कोणताही धोका नसला तरी ही सवय सुटत नाही. म्हणूनच सकाळी धडधाकट दिसलेला ससा रात्रीपर्यंत दगावू शकतो. अशा वेळी काहीच सुचेनासे होते, हे खरे आहे. तरीही पहिल्या काही तासांत करायची काही कामे नंतर करता येत नाहीत, आणि घरात दुसरा ससा असेल तर त्याचा जीवही त्यांवर अवलंबून असू शकतो.

सर्वांत आधी मृत्यूची खात्री करून घ्यावी. निरोगी सशाचे तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असते. ते फार उतरले की ससा गार पडतो, त्याचे अंग ढिले पडते आणि जिवंत असूनही तो मेल्यासारखा भासतो. पुढच्या पायांच्या कोपरांमागे छातीच्या दोन्ही बाजूंना बोटे हलकेच टेकवून मिनिटभर ठोके लागतात का ते पाहावे, आणि डोळ्याच्या बुबुळाला कापसाच्या टोकाने अलगद स्पर्श करून पापणी हलते का तेही पाहावे. थोडीही शंका असेल तर त्याला उबदार कापडात गुंडाळून तडक पशुवैद्याकडे न्यावे, आणि तोंडात पाणी मुळीच घालू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. मृत्यूनंतर डोळे उघडेच राहतात, लघवी बाहेर येते आणि काही मिनिटे स्नायू थरथरू शकतात. ही वेदनेची लक्षणे नव्हेत. काही ससे शेवटच्या क्षणी पाय झाडतात किंवा मोठ्याने किंचाळतात. तो आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांच्या मनातून तो लवकर जात नाही, म्हणून एवढे आवर्जून सांगतो की त्या क्षणी ससा बहुधा शुद्धीवर नसतो.

यानंतर लगेच लक्ष द्यावे ते मागे राहिलेल्या सशाकडे. मेलेल्या सशाच्या नाकातोंडातून रक्त आलेले नसेल आणि संसर्गाची दुसरी कोणतीही शंका नसेल, तर जोडीदाराला मृतदेहापाशी काही वेळ राहू द्यावे. तो देह हुंगतो, नाकाने ढकलतो, केस ओढतो, कधी त्याच्या अंगावरून उडीही मारतो, आणि मग हळूहळू बाजूला होऊन स्वतःचे अंग चाटू लागतो. हे पाहणे जड जाते, पण जोडीदार एकाएकी नाहीसा झाला की मागे राहिलेला ससा त्याला शोधत फिरतो आणि खाणे सोडतो. सशाच्या बाबतीत उपवास हाच एक आजार आहे: त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, आणि 10 ते 12 तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर ती तातडीने उपचार करण्याची वेळ असते. म्हणून पुढचे काही दिवस त्याच्या लेंड्या रोज निरखून पाहाव्यात. त्या लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसू लागल्या तर पशुवैद्याला कळवण्यास उशीर करू नये.

मृत्यूचे कारण जाणून घ्यायचे असेल तर शवविच्छेदनाचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो. दाट केसांमुळे सशाच्या शरीरातली उष्णता लवकर निघून जात नाही, शिवाय पोटात आंबणारे अन्न भरपूर असते, त्यामुळे देह फार लवकर सडू लागतो. देह प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी अवघड होते. शक्यतो 24 तासांच्या आत तो पशुवैद्याकडे पोचवावा. घरात दुसरे ससे असतील तर शवविच्छेदन अवश्य करावे असे माझे ठाम मत आहे. एकच ससा होता आणि त्याच्या देहाला कोणी हात लावू नये असे वाटत असेल, तर नकार देण्यातही काही वावगे नाही.

अचानक मृत्यूमागची कारणे बरीच आहेत. चाटताना गिळलेल्या केसांची घट्ट गोळी आतड्यात अडकते, आणि सशाला उलटी करता येत नसल्यामुळे काही तासांतच पोट टम्म फुगते. यकृताच्या एखाद्या भागाला पीळ पडतो. उन्हाळ्यात उष्माघात होतो, कारण घामावाटे अंग थंड करणे सशाला जमत नाही; शरीरातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटेच बाहेर टाकतो. मात्र सर्वाधिक सावध राहावे ते विषाणूजन्य रक्तस्रावी रोगाबाबत. हा रोग 1984 मध्ये चीनमध्ये प्रथम आढळला आणि त्याचा दुसरा प्रकार 2010 मध्ये फ्रान्समध्ये दिसून आला. त्यात यकृत निकामी होते आणि ससा अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता मरतो. माणसाला हा रोग होत नाही, पण माणसाच्या कपड्यांवरून आणि बुटांवरून तसेच गवतावाटे, माश्यांवाटे विषाणू एका सशाकडून दुसऱ्याकडे पोचतो आणि वातावरणात कित्येक महिने तग धरतो.

अशी शंका असेल तर अंथरूण, उरलेले गवत आणि लाकडी खेळणी बंद पिशवीतून टाकून द्यावीत. पिंजरा व भांडी आधी साबणाने घासून धुवावीत, कारण घाण शिल्लक असेल तर जंतुनाशक लागू पडत नाही. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण लावून किमान 10 मिनिटे ओले राहू द्यावे आणि स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. या काळात सशांना दुसऱ्या खोलीत ठेवावे, आणि दुसऱ्या कोणाच्या सशांना हात लावू नये. लस कोणती व केव्हा द्यायची हे पशुवैद्याला विचारावे. अनेक देशांत या रोगाची माहिती सरकारी पशुवैद्यकीय विभागाला द्यावी लागते.

देह पुरायचा असेल तर सुमारे एक मीटर खोल खड्डा घ्यावा, म्हणजे कुत्री तो उकरून काढणार नाहीत; जागा विहिरीपासून आणि वाहत्या पाण्यापासून दूर असावी. संसर्गाची शंका असेल तर दहन अधिक सुरक्षित ठरते.

लहान मुलांना ‘तो झोपला’ असे सांगू नये. मूल पुढे स्वतः झोपायला घाबरू शकते. ससा मेला, त्याचे शरीर आता काम करत नाही आणि तो परत येणार नाही, असे सरळ शब्दांत सांगावे आणि मूल विचारील तितकेच पुढे बोलावे. मोठ्यांना मात्र ‘माझ्या कसे लक्षात आले नाही’ हा प्रश्न छळत राहतो. यकृताचा पीळ किंवा रक्तस्रावी रोग अनुभवी डॉक्टरांच्याही नजरेतून निसटू शकतो, आणि शवविच्छेदनाचा अहवाल हाती असला तर हे मनाला पटणे थोडे सोपे जाते.

एकट्या राहिलेल्या सशासाठी नवा जोडीदार आणण्याची घाई करू नये. मृत्यूचे कारण विषाणू नव्हता हे आधी निश्चित व्हावे. तो होता असे ठरले तर नवा ससा लसीकरण पूर्ण होऊन लसीचा परिणाम सुरू झाल्यावरच आणावा, आणि घरातल्या सशाला आपली वाटत नाही अशा मोकळ्या जागेत दोघांची पहिली भेट घडवावी.